करवाढ: मतदारांना एकदा विचारून तर पाहावे

महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली की घरपट्टीबद्दल आपल्याकडे एकच भाषा ऐकू येते, आणि ती असते सवलतीची. कोणी दर गोठवण्याचे वचन देतो, कोणी थकबाकीवरील शास्ती माफ करण्याचे, तर कोणी अमुक चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर पूर्ण माफ करण्याचे. मात्र "तुमच्या प्रभागातील कचरा रोज उचलायचा, गटारे वेळेवर साफ करायची आणि रस्त्यावरचे दिवे चालू ठेवायचे तर इतका खर्च येतो, त्यासाठी प्रत्येक घरामागे वर्षाला इतके रुपये जादा द्यावे लागतील, तुमची संमती आहे का?" असा सरळ प्रश्न मतदाराला विचारणारा पक्ष शोधूनही सापडत नाही. असा प्रश्न विचारणे म्हणजे राजकीय आत्मघात, ही समजूत राजकारणात पक्की आहे आणि प्रशासनानेही ती गृहीत धरली आहे. ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

प्रथम अलीकडचा अनुभव पाहू. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या सदनिकांना मालमत्ता कर माफ करण्याचे आश्वासन २०१७ च्या निवडणुकीत दिले गेले. २०१९ साली त्यातील सर्वसाधारण कराची माफी झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये, पुढची निवडणूक तोंडावर आली असे सर्वांना वाटत असताना, राज्य मंत्रिमंडळाने संपूर्ण माफीचा निर्णय घेतला. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरमालकांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर बंद झाली होती; ती २०२३ साली शासनाने पुन्हा सुरू केली. तमिळनाडूत याच्या उलट घडले. चेन्नईत १९९८ नंतर दीर्घकाळ सर्वसाधारण फेरआकारणी झाली नव्हती; २०१८ मध्ये केलेली वाढ पुढच्याच वर्षी स्थगित झाली. त्यानंतर १९ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्यातील नागरी संस्थांच्या निवडणुका पार पडल्या आणि एप्रिलच्या आरंभी घरांच्या आकारमानानुसार २५ ते १५० टक्के करवाढ जाहीर झाली.

राज्ये वेगळी, पक्ष वेगळे. पण सूत्र एकच. सूट मतदानापूर्वी, वाढ मतदानानंतर. मतदाराला दोन्ही वेळा केवळ निर्णय कळवला गेला, त्याचे मत घेतले गेले नाही. शिवाय या प्रकरणांत अंतिम शब्द राज्य शासनाचा होता, ज्या नगराचा कर होता त्या नगराचा नव्हता.

याचे मूळ कायद्यात आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जमिनी व इमारती यांवरील कर हा राज्यसूचीत, ४९ व्या क्रमांकावर आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले, बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले. पण कोणता कर बसवायचा आणि किती, हे राज्य विधिमंडळ देईल तेवढ्याच मर्यादेत ठरवायचे, अशी अनुच्छेद २४३ भ ची रचना आहे. कामे घटनेने सुचवली, पैसा मात्र राज्याच्या मर्जीवर राहिला.

महाराष्ट्रातील महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे पुढील वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असतात. ज्यांनी या चक्रात काम केले आहे त्यांना पुढचा क्रम पाठ असतो. आयुक्त वाढीचा प्रस्ताव ठेवतात. सभागृहात सत्ताधारी आणि विरोधक एकमुखाने तो फेटाळतात. दुसऱ्या दिवशी 'करवाढ टळली' असे मथळे येतात. आणि त्याच सभागृहात नव्या रस्त्यांची, उद्यानांची व सभागृहांची तरतूद वाढवून घेतली जाते. जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी करण्यासाठी मग जमेच्या रकान्यात काही आशावादी आकडे लिहिले जातात. वर्षअखेरीस ते आकडे गळतात, आणि त्यांच्याबरोबर गटार-दुरुस्ती, दवाखान्यातील औषधे, सफाई कामगारांची भरती ही सर्व न दिसणारी कामेही गळतात. कर न वाढवल्याची किंमत नागरिक भरतोच. त्या किमतीची पावती त्याला मिळत नाही, एवढाच फरक.

एकूण परिणाम काय झाला? भारतात मालमत्ता कराचे सर्व उत्पन्न देशाच्या सकल उत्पादनाच्या पाव टक्क्याहूनही कमी भरते. विकसित देशांत हे प्रमाण सरासरी एक टक्क्याच्या आसपास आहे. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत उपग्रह-चित्रांच्या आधारे काढलेला निष्कर्ष असा होता की, बंगळूर आणि जयपूर ही शहरे आपल्या क्षमतेच्या अवघा ५ ते २० टक्के मालमत्ता कर गोळा करतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर बहुतेक महापालिकांतील जकात २०१३ पर्यंत उठली आणि मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर संपली. त्याची भरपाई आता राज्य शासनाकडून येते. जकात चांगली होती असे मी म्हणणार नाही. पण ती शहराची स्वतःची होती. आज मालमत्ता कर हाच महापालिकेच्या हाती उरलेला एकमेव मोठा कर आहे. तोही सवलतींनी पोखरला गेला तर लोकनियुक्त महापालिका ही अनुदानावर चालणारी एक शासकीय कचेरी होऊन बसेल. किंबहुना मुंबईसह राज्यातील अनेक महापालिकांची मुदत २०२२ साली संपल्यावर जानेवारी २०२६ मधील निवडणुकांपर्यंत त्या प्रशासकांच्या हाती होत्या, आणि त्याबद्दल नागरिकांत फारसा क्षोभ दिसला नाही. ज्या संस्थेला आपण काही देतो आणि जिच्याकडून हिशोब घेतो अशी भावनाच उरलेली नाही, तिच्या नसण्याची खंत कोण करणार?

मतदारांना विचारून कर वाढवणारे देश आहेत, आणि त्यांचा अनुभव दुहेरी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली जनमताने असा कायदा झाला की, कोणत्याही गावाने मालमत्ता कराची एकूण आकारणी, नवीन बांधकामे सोडून, वर्षाला अडीच टक्क्यांहून अधिक वाढवू नये. वाढवायचीच असेल तर मतदारांची बहुमताने संमती घ्यावी. त्या मतपत्रिकेवर जादा रक्कम किती आणि ती कशासाठी, हे लिहावे लागते. शाळेतील शिक्षक, अग्निशमन केंद्र, ग्रंथालय अशा कामांसाठी तेथील गावे प्रश्न विचारतात. काही प्रस्ताव संमत होतात, काही पडतात. पडले तर ग्रंथालयाचे तास कमी होतात, आणि का कमी झाले हे प्रत्येकाला माहीत असते.

कॅलिफोर्नियाचा धडा मात्र सावध करणारा आहे. तेथे ६ जून १९७८ रोजी संमत झालेल्या 'प्रस्ताव १३' ने मालमत्ता कर आकारणी-मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला, घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढू नये असे ठरवले, आणि विशिष्ट कामासाठीच्या स्थानिक करांना दोन-तृतीयांश मतांची अट घातली. परिणामी शेजारी-शेजारी असलेल्या सारख्याच दोन घरांच्या करात प्रचंड तफावत पडली. जुना मालक थोडे भरतो, नवा मालक अनेकपट. स्थानिक संस्थांचा पैसा आटला तसे निर्णयाचे केंद्र राज्याच्या राजधानीकडे सरकले. आपल्याला हे चित्र अनोळखी वाटू नये. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, आणि करपात्र मूल्य प्रमाण-भाड्याहून अधिक धरता येत नाही हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिल्लीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. जुन्या इमारतींची आकारणी त्यामुळे दशकानुदशके तेथेच थांबली. गोठवलेला कर कधीच सर्वांना समान गोठवत नाही.

म्हणजे केवळ मतपेटी ठेवली की शहाणपण येते असे नाही. प्रश्न कसा विचारला जातो, यावर सारे अवलंबून आहे.

"हे सारे परदेशात ठीक आहे, आपल्या लोकांना कर नकोच असतो," असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. इतिहास याला दुजोरा देत नाही. १८१० साली कंपनी सरकारने बनारस व इतर शहरांवर घरपट्टी बसवली, तेव्हा बनारसच्या लोकांनी दुकाने बंद करून, हजारोंच्या संख्येने धरणे धरून तिला विरोध केला आणि पुढे ती मागे घ्यावी लागली. तो विरोध न विचारता लादलेल्या कराला होता. मुंबईत १८७० च्या सुमारास आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या खर्चाविरुद्ध करदात्यांनी आंदोलन केले, तेव्हा फिरोजशहा मेहता यांनी खर्च करणाऱ्याला दोष न देता करदात्यांनी निवडलेली संस्था हवी, असा आग्रह धरला. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या ६४ सदस्यांच्या महापालिकेत निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावेत असे ठरले, आणि वर्षाला ५० रुपये पट्टी भरणाऱ्याला मत मिळाले. ती व्यवस्था श्रीमंतांची होती, यात शंका नाही. १९४८ साली मुंबई महापालिकेत प्रौढ मताधिकार आला हे योग्यच झाले. पण आपल्याकडे नागरी मताधिकाराचा जन्म 'आमचा पैसा कसा खर्च होतो' या प्रश्नातून झाला, हे विसरता कामा नये. मत सर्वांना मिळाले आणि तो प्रश्न मात्र वाटेत हरवला.

स्वातंत्र्योत्तर काळातील एक उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते. चेन्नईला लागून असलेल्या आलंदूर नगरपालिकेत भुयारी गटारे नव्हती. १९९६ साली निवडून आलेले नगराध्यक्ष आर. एस. भारती यांनी ही योजना हाती घेतली तेव्हा शासकीय अनुदान आणि कर्ज मिळूनही पैसा पुरणार नव्हता. नगरपालिकेने नागरिकांनाच विचारले: घरामागे ५,००० रुपये जोडणीची ठेव आणि नंतर दरमहा १५० रुपये द्याल का? नगराध्यक्ष आणि नगरसेवक वस्त्या-वस्त्यांत सभा घेत फिरले, रहिवासी संघांशी बोलले. काम सुरू होण्यापूर्वीच हजारो कुटुंबांनी ठेवी भरल्या. सुमारे ३४ कोटींची ती योजना उभी राहिली आणि देशभरच्या नगर-प्रशासकांच्या अभ्यासाचा विषय झाली. हा कर नव्हता, ठेव व सेवाशुल्क होते, हे खरे. परंतु मध्यमवर्गीय आणि गरीब वस्तीच्या नगराने, न झालेल्या कामासाठी आगाऊ पैसे दिले, कारण काम कोणते, रक्कम किती आणि मागणारा कोण हे तिन्ही त्यांच्यासमोर स्पष्ट होते.

एखाद्या प्रश्नावर थेट मतदान घेणे आपल्या प्रशासनाला परके आहे, असेही नाही. महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावात वा प्रभागात मतदान घेण्याची तरतूद आहे. 'उभी बाटली' आणि 'आडवी बाटली' ही चिन्हे खेड्यातील महिलांच्याही ओळखीची आहेत. मध्य प्रदेश व छत्तीसगढ येथे नगराध्यक्षांना परत बोलावण्यासाठी 'खाली कुर्सी' की 'भरी कुर्सी' असे मतदान झालेले आहे. बाटली आणि खुर्ची यांवर जो मतदार विवेकाने मत देऊ शकतो, तो गटारावर देऊ शकणार नाही असे मानणे हा त्याचा अवमान आहे. उलट जेथे लोकांच्या संमतीचा पाया घातलाच गेला नाही तेथे काय होते, हे नागालँडने दाखवले. तेथील २००१ च्या नगरपालिका कायद्यातील महिला आरक्षण आणि जमीन व इमारतींवरील कर या दोहोंना इतका विरोध झाला की २०१७ साली हिंसाचार घडला. अखेर २०२३ मध्ये मालमत्ता कराची तरतूद वगळून नवा कायदा करावा लागला, आणि तेव्हा कोठे जून २०२४ मध्ये, वीस वर्षांनी, निवडणुका झाल्या. निवडून आलेल्या संस्था मिळाल्या, पण त्यांच्या हाती स्वतःचा मुख्य करच नाही.

आता प्रत्यक्ष सूचना. अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही. म्हणून अंतिम ठराव महासभेनेच करावा, मात्र त्यापूर्वी मतदारांची संमती घेण्याची तरतूद राज्यांनी अधिनियमात करावी. नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात, २००५ नंतर, लोकसहभागाचा कायदा करण्याची अट राज्यांना घातली होती आणि त्यातून क्षेत्रसभेची कल्पना अनेक राज्यांच्या कायद्यांत आली. ती बहुतांशी कागदावरच राहिली, कारण क्षेत्रसभेने ठरवावे असे काही तिच्यापुढे ठेवलेच गेले नाही. करसंमती हा विषय तिला जिवंत करील. त्यासाठी पाच पथ्ये पाळावीत.

पहिले, प्रश्न एका कामाचा असावा. 'विकासासाठी करवाढ' हा प्रश्न नव्हे. समजा, एका प्रभागात १२,००० मालमत्ता आहेत आणि कचरा रोज उचलण्यासाठी, माणसे व वाहने धरून, वर्षाला ७२ लाख रुपये जादा लागतात. तर घरामागे सरासरी वर्षाला ६०० रुपये, महिन्याला ५० रुपये. एवढेच मतपत्रिकेवर लिहावे.

दुसरे, मुदत असावी. तीन किंवा पाच वर्षांनी ही वाढ आपोआप संपेल. पुढे हवी असेल तर पुन्हा विचारावे लागेल. काम झाले नाही तर मतदार दुसऱ्यांदा संमती देणार नाहीत, आणि हाच सर्वांत मोठा अंकुश ठरेल.

तिसरे, हिशोब देयकावरच छापावा. आज मालमत्ता कराच्या देयकावर अनेक ओळी असतात: सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण, वृक्ष उपकर. त्यातच राज्य शासनाचा शिक्षण कर असतो, जो महापालिका केवळ वसूल करून शासनाकडे भरते. भरणाऱ्याला हे माहीत नसते. सारा पैसा महापालिकेने घेतला असेच तो समजतो. संमतीने घेतलेल्या रकमेची ओळ वेगळी असावी आणि तिच्याखाली गेल्या वर्षी किती जमा झाले व किती खर्च झाले हे असावे.

चौथे, गरीब वस्त्यांचा वाटा. प्रभागनिहाय संमती घेतली तर श्रीमंत प्रभाग अधिक स्वच्छ आणि गरीब प्रभाग अधिक बकाल होतील, ही भीती रास्त आहे. म्हणून पाणी, आरोग्य, शाळा यांसारख्या मूलभूत सेवा प्रभागाच्या मतावर कधीही सोडू नयेत. त्या साऱ्या शहराच्या आहेत. प्रभागांच्या जादा रकमेचा एक ठरावीक हिस्साही शहराच्या सामाईक निधीत जावा. लहान घरांना दर कमी असावा, पण माझ्या मते तो शून्य नसावा. ज्याच्या हातात देयक नाही, त्याच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणे प्रशासनाला सोपे जाते, हे आपण झोपडपट्ट्यांत रोज पाहतो.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, सवलतीलाही हाच नियम लावावा. कॅलिफोर्नियाची चूक अशी की तेथे वाढ अवघड आणि कपात सोपी ठेवली गेली. ज्या शासनाला किंवा पक्षाला घरपट्टी माफ करायची आहे, त्याने त्याच मतपत्रिकेवर लिहावे की, या माफीमुळे इतके कोटी कमी होतील आणि त्याऐवजी अमुक सेवा कमी केली जाईल, किंवा तमुक करदात्यावर भार पडेल. माफीचे मोल लिहावे लागले तर अर्ध्या माफ्या घोषणेपूर्वीच विरून जातील.

भाडेकरू मत देतील आणि कर मालक भरतील, असा आणखी एक आक्षेप आहे. पण कर शेवटी भाड्यातून भाडेकरूपर्यंत पोहोचतोच, आणि कचऱ्याची दुर्गंधी मालक व भाडेकरू असा भेद करीत नाही. मतदान कमी होईल, हाही आक्षेप खरा आहे. त्यासाठी किमान उपस्थितीची अट घालता येईल आणि महापालिकेच्या निवडणुकीबरोबरच हे मतदान घेता येईल, म्हणजे जादा खर्चही होणार नाही.

सर्वांत अवघड आक्षेप विश्वासाचा आहे. 'आधीच्या पैशाचे काय केले ते सांगा, मग वाढ मागा,' असे लोक म्हणतील. त्यांनी तसे म्हणावे यासाठीच तर विचारायचे! आज हा प्रश्न नागरिक पानाच्या टपरीवर विचारतो. तो सभेत, आकड्यांसह, उत्तर देण्यास बांधील असलेल्या अधिकाऱ्यासमोर विचारला जाईल. पहिल्या काही ठिकाणी प्रस्ताव पडतील, हे गृहीत धरावे. पडलेला प्रस्तावही प्रशासनाला शिकवून जातो की लोकांना काय नको आहे, किंवा कोणावर त्यांचा विश्वास नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानासाठी राज्यांना मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची आणि वसुली राज्याच्या उत्पादनवाढीच्या गतीने वाढवण्याची अट घातली होती. तिचा काही उपयोग झालाही असेल, पण ती वरून आलेली सक्ती होती. अशा सक्तीने दर वाढतात, नागरिकत्व वाढत नाही. राज्यांनी आपल्या दोन-चार मध्यम आकाराच्या शहरांत, एकेका प्रभागात, एकाच कामासाठी, येत्या अर्थसंकल्पापूर्वी हा प्रयोग करावा. उत्तर 'नाही' आले तरी चालेल. मतदाराला प्रश्न विचारला गेला, एवढे तरी त्या शहराच्या इतिहासात प्रथमच घडेल.